रोबोट घेऊन स्पर्धेला निघताना : पहिल्यांदा जाणाऱ्या संघासाठी

आमच्या संघाच्या पहिल्या स्पर्धेत, पहिल्याच सामन्यात, रोबोट जागचा हलला नाही. सरावात शेकडो वेळा धावलेला, निघायच्या आदल्या रात्रीही धावलेला. मुलांनी लॅपटॉप उघडले आणि दीड तास कोडमध्ये चूक शोधली. शेवटी संघातल्या सगळ्यात धाकट्या मुलीनं सहज म्हणून बॅटरीची वायर बोटात धरून हलवली, तर ती हलली. प्रवासातल्या हादऱ्यांनी टर्मिनलवरचा नट अर्धा फेरा सुटला होता. पाना लावून घट्ट करायला पाच सेकंद लागली. तोवर दोन सामने हातचे गेले होते.

तेव्हापासून मी नव्या संघांना एकच सांगतो: घरून निघालेला रोबोट आणि स्पर्धेच्या टेबलावर पोचलेला रोबोट हे दोन वेगळे रोबोट असतात, असं धरूनच तयारी करा. प्रवासात तो हादरतो, कुणीतरी पेटी उघडून बघतो, नव्या जागी उजेड वेगळा असतो, वीज वेगळी असते. खालच्या पायऱ्या त्या हिशेबानं लावल्या आहेत.

नियमपुस्तिका दोघांनी वाचायची

एकानं वाचून बाकीच्यांना सांगायचं, ही पद्धत चालत नाही. दोघांनी वेगवेगळी वाचावी आणि आकडे कागदावर काढावेत: आकार, वजन, मोटर किती, बॅटरी कोणती, फ्यूज कुठला. मग दोन कागद शेजारी ठेवायचे. जिथे फरक पडेल तिथे पुस्तिका पुन्हा उघडायची.

आकाराच्या नियमात भलेभले अडकतात. फर्स्ट टेक चॅलेंज या स्पर्धेत सुरुवातीला रोबोट १८ इंचांच्या घनात बसावा लागतो. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडच्या रोबोमिशन गटात ही मर्यादा २५ सेंटिमीटरची, आणि त्यात वायरीही धरतात. मुलं सांगाडा मोजतात आणि वायरीचा फुगवटा विसरतात. केबल टायचं न कापलेलं शेपूटसुद्धा तपासणीत अडतं. म्हणून पुठ्ठ्याचा, नेमक्या मापाचा खोका करून ठेवा आणि रोबोटमध्ये काहीही बदललं की आधी त्यात बसवून बघा. मोजपट्टी धरणाऱ्याला पाहिजे ते माप दाखवते, खोका दाखवत नाही.

वजन बॅटरीसह मोजतात की बॅटरीशिवाय, हेही बघून ठेवा. आणि नियमांची दुरुस्ती हंगामभर येत राहते. दर आठवड्याला ती बघायचं काम एकाच्या नावावर असू द्या.

बदल थांबवायची तारीख

निघायच्या दोन आठवडे आधीची एक तारीख ठरवा. त्यानंतर नवं काही बनवायचं नाही. दुरुस्ती चालेल, सुधारणा नाही. यावरून प्रत्येक संघात भांडण होतं आणि मी दर वेळी खलनायक ठरतो, पण आदल्या आठवड्यात बसवलेल्या नव्या हातानं सामना जिंकून दिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. त्या हातानं वजनाची मर्यादा ओलांडल्याचं मात्र पाहिलं आहे.

कोडचंही तसंच. त्या तारखेला चालणारा कोड वेगळा जपून ठेवा, तारीख घातलेल्या नावानं. दोन लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर. लागणाऱ्या सगळ्या सॉफ्टवेअरची, ड्रायव्हरची इन्स्टॉल करायची फाइलही पेन ड्राइव्हवर हवी, कारण स्पर्धेच्या हॉलमध्ये इंटरनेट मिळेलच असं नाही. मग इंटरनेट बंद करून दुसऱ्या लॅपटॉपवरून रोबोटमध्ये कोड चढवून बघा. हे न करता 'आपल्याकडे बॅकअप आहे' म्हणू नका. लॅपटॉपचे अपडेट आधीच उरकून घ्या. सामन्याच्या रांगेत उभं असताना पडद्यावर 'कृपया बंद करू नका' बघण्यासारखा छळ दुसरा नाही.

खोला, जोडा, पुन्हा खोला

रोबोट सहसा अख्खा प्रवास करत नाही. हात, चाकं, उंच भाग काढावेच लागतात. तेव्हा खोलण्या-जोडण्याची रंगीत तालीम घरीच करा, तीही घड्याळ लावून. अट एकच: ज्यानं तो भाग बनवला त्यानं जोडायचा नाही. दुसऱ्यानं जोडायचा, बनवणाऱ्यानं तोंड मिटून बघायचं. जिथे जिथे त्याला तोंड उघडावंसं वाटेल, तिथे खूण किंवा चिठ्ठी कमी पडते आहे असं समजा. बनवणारा मुलगा ऐन स्पर्धेत तापानं झोपून राहिला, असं घडतं.

वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावा. एका टोकाला लावलेला क्रमांक काही कामाचा नाही. खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि छापून पेटीत ठेवा. फोनमधला फोटो नेमका ज्याच्या फोनमध्ये असतो तो त्या वेळी जेवायला गेलेला असतो. स्क्रू जमतील तितके एकाच मापाचे वापरा. तीनऐवजी एकाच ॲलन कीनं सगळा रोबोट खोलता आला तर पिटमधला, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेतला, निम्मा गोंधळ संपतो.

आता सुटणाऱ्या नटांबद्दल. धातूला धातू जिथे आवळतो तिथे नायलॉन रिंगचा नट किंवा निळा थ्रेडलॉकर, म्हणजे नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव. लाल थ्रेडलॉकर वापरू नका. तो तापवल्याशिवाय सहसा सुटत नाही आणि तुम्हाला हे सगळं पुन्हा खोलायचं आहे. पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, पत्र्याजवळ तर थ्रेडलॉकर नेऊच नका. त्यानं पॉलिकार्बोनेटला तडे जातात आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतात.

एवढं करून एक रंगीत मार्कर घ्या आणि आवळलेल्या प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पाना न लावता नुसत्या नजरेनं चाळीस नट अर्ध्या मिनिटात तपासून होतात. आमचा तो बॅटरीचा नट या एका रेघेनं पकडला गेला असता.

बॅटरी : इथे घाई नको

विमानानं जायचं असेल तर तिकिटाच्या आधी बॅटरीचा विचार करा. हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास म्हणजे वॉट-तास. प्रवासी विमानात लिथियम-आयन बॅटरीचे नियम या आकड्यावर चालतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि अशा सुट्या बॅटऱ्या माणशी दोनच. १६० च्या वरची प्रवाशाच्या सामानातून जातच नाही. लिथियम-पॉलिमर, म्हणजे आपली लायपो, यातच येते.

उदाहरण घ्या. तीन सेलची लायपो ११.१ व्होल्टची असते. ५००० मिलीॲम्पिअर-तास म्हणजे ५, तर ११.१ गुणिले ५ बरोबर ५५.५ वॉट-तास. आरामात जाते. सहा सेलची, २२.२ व्होल्टची, तेवढ्याच क्षमतेची असेल तर १११. परवानगी घ्या, आणि ती लेखी घ्या. फोनवर कुणीतरी 'हो, चालेल' म्हणाल्याचा विमानतळावर काही उपयोग होत नाही. काही कंपन्यांचे नियम याहूनही कडक असतात, म्हणून ज्या कंपनीनं जाणार तिच्या नियमांची छापील प्रत सोबत ठेवा.

सुटी लिथियम बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यायची. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ती चालत नाही, पॉवर बँकही नाही. प्रत्येकीचं टोक चिकटपट्टीनं झाका आणि प्रत्येकीला वेगळी पिशवी द्या. बॅटरीवरचं लेबल वाचता आलं पाहिजे. वापरून वापरून आकडे पुसलेली बॅटरी सुरक्षा तपासणीत काढून घेतली, तर वाद घालायला तुमच्याकडे काही उरत नाही. फुगलेली बॅटरी तर घराबाहेरच काढू नका.

मोठ्या रोबोटच्या संघांना शिसं-आम्लाची बॅटरी लागते. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमधली नेहमीची बॅटरी १२ व्होल्ट, १८ ॲम्पिअर-तासांची, म्हणजे २१६ वॉट-तास. न सांडणाऱ्या शिसं-आम्ल बॅटरीला प्रवाशाच्या सामानात मर्यादा १२ व्होल्ट आणि १०० वॉट-तासांची आहे. म्हणजे ही बॅटरी सामानातून नेता येणार नाही. ती वेगळ्या मालवाहतुकीनं पाठवायची, नाहीतर पोचण्याच्या ठिकाणी मिळवायची. आयोजकांना आणि तिथल्या संघांना दोन महिने आधी लिहा. बॅटरी उसनी द्यायला बहुतेक संघ तयार असतात, पण आदल्या दिवशी मागितली तर त्यांच्याकडेही जास्तीची उरलेली नसते.

लायपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो. प्रवासात आणि ठेवणीत तो ३.८ च्या आसपास असावा. चांगल्या चार्जरवर त्यासाठी 'स्टोरेज'चा पर्याय असतो. बॅटऱ्यांना क्रमांक द्या आणि वही ठेवा: कोणती कधी भरली, कोणत्या सामन्यात वापरली, काढल्यावर किती व्होल्ट होते. चार दिवसांत वहीच सांगते की तीन नंबरची बॅटरी लवकर बसते. तिला सरावाला ठेवा, बाद फेरीला नको. मुक्कामाच्या खोलीत रात्रभर चार्जर लावून झोपू नका. चार्ज होत असताना जागं माणूस तिथेच हवं.

चार्जरवरचे बारीक अक्षरांतले आकडे वाचायला विसरू नका. '१००–२४० व्होल्ट' असेल तर तो कुठल्याही देशात चालतो, फक्त प्लगचा ॲडॉप्टर लागेल. घोळ होतो तो सोल्डरिंग आयर्न, ग्लू गन आणि हीट गनचा, कारण यांतली बरीचशी एकाच व्होल्टेजची असतात. २३० व्होल्टचं आयर्न ११० वर लावलं की त्याला जेमतेम पाव ताकद मिळते आणि सोल्डर वितळत नाही. उलट केलं तर आयर्न जळतं. प्लगचा ॲडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे मुलांना एकदा नीट समजावून सांगा, मोठ्यांनाही.

पेट्या

अनेक विमान कंपन्यांमध्ये एका नगाला २३ किलोची मर्यादा असते. जादा पैसे भरून ती बहुधा ३२ पर्यंत जाते, त्यापुढचा नग साधारणतः प्रवासी सामान म्हणून घेतच नाहीत. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर हा आकडाही बऱ्याच ठिकाणी भेटतो. पेटी निवडण्याआधी हे बघा. रिकामी कडक पेटीच आठ-दहा किलोची निघाली की रोबोटला किती उरतं, याची वजाबाकी दुकानातच करा.

रोबोटचे हात पट्टीनं बांधून टाका, म्हणजे आत हलणार नाहीत. फोम असा कापा की पेटी उलटी केली तरी आतून आवाज येऊ नये. खरोखरच उलटी करून बघा. सामान चढवणाऱ्या माणसाला 'ही बाजू वर' वाचायला वेळ नसतो. हवेच्या दाबावर चालणारा रोबोट असेल तर टाक्यांमधला सगळा दाब सोडून द्या.

पेटी सुरक्षा तपासणीत उघडली जाणार, हे धरून चाला. झाकणाच्या आतून भरलेल्या पेटीचा छापील फोटो चिकटवा: कुठली वस्तू कुठे बसते. उघडणाऱ्याला परत भरायची असते, आणि ते चित्र नसेल तर तो कंट्रोलरच्या, म्हणजे रोबोटच्या मेंदूच्या, वर मोटर ठेवून झाकण दाबतो. सोबत इंग्रजीतली एक चिठ्ठी ठेवा: हा विद्यार्थ्यांचा रोबोट आहे, यात बॅटरी नाही, अमुक स्पर्धेला चालला आहे. स्पर्धेच्या निमंत्रणपत्राची प्रतही तिथेच.

सगळं एका पेटीत भरू नका. पेटी चुकते, उशिरा येते. सामानाची वाटणी अशी करा की एक पेटी आली नाही तरी उरलेल्यातून धावणारं काहीतरी उभं राहील. कंट्रोलर, महागडे सेन्सर आणि लॅपटॉप हातातल्या बॅगेत. पाने, कटर, ॲलन की मात्र पोटात जाणाऱ्या सामानात, नाहीतर सुरक्षा तपासणीत तुमचा लाडका पक्कड-संच तिथेच राहतो.

जादा सामान काय न्यावं, याला माझं उत्तर ठरलेलं आहे: जे सरावात तुटलं ते. हंगामभर तुटलेल्या वस्तूंची यादी ठेवली असेल तर वेगळा विचारच करावा लागत नाही. शिवाय केबल टाय, इन्सुलेशन टेप, मल्टिमीटर, कनेक्टर, फ्यूज आणि कंट्रोलरची जास्तीची केबल. ती केबल दोन घ्या.

परदेशी जात असाल तर सीमाशुल्काचा विचार वेळेत करा. प्रत्येक वस्तूचं नाव, सीरियल क्रमांक आणि किंमत यांची यादी बनवा. अशा तात्पुरत्या नेण्या-आणण्यासाठी एटीए कार्ने नावाचा दस्तऐवज असतो. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो आणि तो मानणाऱ्या देशांतच उपयोगी पडतो. लहान रोबोटला बहुतेकदा यादी आणि निमंत्रणपत्र पुरतं, पण परत येताना 'हे आमचंच, इथूनच नेलं होतं' हे दाखवायला निघतानाच कागद करून घेतलेला बरा.

माणसं

व्हिसाचं काम निवड झाली त्याच आठवड्यात सुरू करा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने असावी, अशी अट बरेच देश घालतात. अल्पवयीन मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र लागतं, आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, तिकीट, स्पर्धेची नोंदणी या तिन्ही ठिकाणी एकच हवं. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. जमल्यास स्पर्धेच्या आदला अख्खा दिवस हातात राहील असे पोचा. उशिरा आलेली पेटी त्या दिवसात सावरता येते.

पोचल्यावर

पेटी उघडल्यावर रोबोट चालू करायची घाई कुणी करू देऊ नका. आधी मार्करच्या रेघा बघायच्या. मग प्रत्येक कनेक्टर हातानं दाबायचा. मग मल्टिमीटरनं बॅटरी. मग चाकं जमिनीला न टेकवता, ठोकळ्यावर ठेवून वीज द्यायची. एकेक मोटर, एकेक सेन्सर. शेवटी जमिनीवर.

उजेडावर अवलंबून असलेले सेन्सर नव्या जागी पुन्हा कॅलिब्रेट करावेच लागतात, म्हणजे तिथल्या उजेडाला जुळवून घ्यावे लागतात. सरावाच्या खोलीतलं काळं-पांढरं आणि मोठ्या दिव्यांखालचं काळं-पांढरं यांचे आकडे वेगळे येतात. म्हणून ते आकडे कोडमध्ये कोरून ठेवू नका. एक बटण दाबून मोजता येईल अशी सोय घरीच करा. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर स्वयंचलित असेल तर ते पक्कं करा. आणि स्वयंचलित फेरीत, म्हणजे रोबोट कुणी न चालवता स्वतः धावतो तेव्हा, 'दोन सेकंद पुढे जा' अशी आज्ञा असेल तर ती आजच काढा. भरलेल्या बॅटरीवर दोन सेकंदांत जितकं अंतर कापलं जातं तितकं अर्ध्या बॅटरीवर नाही. एन्कोडरनं चाकाचे फेरे मोजा, म्हणजे बॅटरी कशीही असली तरी रोबोट जवळपास तिथेच थांबतो.

हॉलमध्ये शेकडो फोन आणि डझनावारी रोबोट एकाच वेळी वायरलेस वापरत असतात. संघातल्या सगळ्यांचे हॉटस्पॉट बंद करायला सांगा. काही स्पर्धांमध्ये स्वतःचं वायफाय चालू करणं हाच नियमभंग असतो. घरी दहा मीटरवरून चालणारा रोबोट तिथे अडखळला तर आधी वायरलेसवर संशय घ्या, कोडवर नंतर.

दोन सामन्यांच्या मधे

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन असो वा फर्स्ट लेगो लीग, सामना साधारण अडीच मिनिटांचा. बाकी सगळा दिवस पिटमध्ये आणि रांगेत जातो. म्हणून दोन सामन्यांमधली तपासणी पाठ झालेली हवी, पण पाठ झाली म्हणून कागद सोडायचा नाही. आमच्याकडे एक जण मोठ्यानं वाचतो आणि दुसरा बोट लावून 'आहे' म्हणतो. 'बॅटरी नवी?' बोट. 'कनेक्टर दाबला?' बोट. 'डावी साखळी?' बोट. नुसतं बघून 'आहे' म्हटलेलं धरत नाही, बोट लागलंच पाहिजे. पहिल्या दिवशी मुलं हसतात. दुसऱ्या दिवशी दमलेली असतात, डोळ्यांना नेहमीचंच दिसत असतं, आणि तेव्हा बोटाला सैल कनेक्टर सापडतो.

बॅटरी दर सामन्याला बदला, अर्धी शिल्लक असली तरी. काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तिघांनी तीन दुरुस्त्या एकदम केल्या की रोबोट सुरू होतो, पण कशामुळे ते कुणालाच कळत नाही आणि पुढच्या सामन्यात तोच दोष परत येतो. हत्यारं जागच्या जागी ठेवायची जबाबदारी एकाचीच. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा, मोकळे केस बांधलेले. शेजारच्या पिटमध्ये काही मागायला लाजू नका, त्यांनाही संध्याकाळी तुमचा मल्टिमीटर लागणार आहे.

परतीची पेटी

शेवटच्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि पेट्या कशाही भरल्या जातात. बॅटऱ्या पुन्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर आणा, टोकं झाका, हातातल्या बॅगेत. उसनी आणलेली बॅटरी परत केली का ते बघा. झाकणातला तोच फोटो समोर धरून भरा आणि यादीवर खुणा करा, नाहीतर सीमाशुल्काच्या टेबलावर एक मोटर कमी भरते. आणि निघतानाच प्रत्येक पेटीत किलोभर वजनाची जागा सोडलेली असू द्या. दुसऱ्या संघांनी दिलेले बिल्ले, टी-शर्ट आणि नशीब असेल तर एखादी चषकाची पेटी, यांचं वजन कुणीच आधी धरलेलं नसतं.